रिकाम्या तख्ताला तीन कुर्निसात

वानवडीला महादजी शिंद्यांच्या छत्रीत गेलो की मला त्यांची एखादी लढाई आठवत नाही. आठवतात ते काखेत मारलेले जोडे. जून १७९२ मध्ये पाटीलबावा उत्तरेतून पुण्यास आले. ग्रँट डफ सांगतो, की पेशव्यांच्या भेटीला ते सगळ्या मानकऱ्यांच्या खालच्या जागी उभे राहिले. सवाई माधवरावांनी बसण्याचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी गाठोडे सोडून नवे जोडे पुढे ठेवले आणि जुने गुंडाळून काखेत घेतले. आम्हाला शाळेत ही गोष्ट स्वामिनिष्ठेचा धडा म्हणून शिकवली. आता मला ती तशी वाचवत नाही. ज्याच्या कवायती पलटणींवर दिल्ली उभी होती, त्याने अठरा वर्षांच्या धन्याचे जोडे उचलणे हा नाना फडणिसांना दिलेला शह होता.

खरा देखावा त्यानंतरचा. भव्य तंबूत दिल्लीच्या बादशहाचे तख्त मांडले होते. त्यावर बादशहा नव्हता, फर्मान होते. पेशव्यांनी तीनदा कुर्निसात केला, १०१ मोहरा नजर ठेवल्या, ते डावीकडे बसले आणि 'वकील-इ-मुतलक' झाले. हे पद देणाऱ्या शाह आलमचे डोळे गुलाम कादिराने १७८८ सालीच काढले होते; तो महादजींच्याच आधारावर जगत होता. नानांचा आक्षेप असा, की साताऱ्याच्या परवानगीविना असल्या पदव्या घेऊ नयेत. परवानगी आली. पण ते छत्रपती तरी कुठे मोकळे होते? आंधळ्या बादशहाचे पद, बंदिस्त राजाच्या संमतीने, कारभाऱ्याच्या मुठीतल्या पेशव्याला! तिघांच्याही हाती सत्ता नव्हती. रिवाजात मात्र कसूर नव्हती.

उत्तरेतल्या मोहिमांचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद तसाच लोंबकळत राहिला. पुढच्याच वर्षी लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी वानवडीतच वारले, ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, मार्च १८०० मध्ये नाना. त्यांच्या जागी दौलतराव आणि दुसरे बाजीराव आले. थाट तोच, वकूब निराळा.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसर-वानवडीच्या याच माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाले. ३१ डिसेंबरला वसईस त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली.