मूळ अल्सरचं, नाव वजनाचं

वजन उतरवणाऱ्या गॅस्ट्रिक बायपासचा इतिहास बहुधा १९६६ सालापासून सांगितला जातो. त्या वर्षी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो या सर्जनांनी लठ्ठपणासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला, म्हणजे जठराचा मोठा भाग बाजूला ठेवून वरचा लहान भाग थेट आतड्याला जोडला. जन्मसाल बरोबर आहे, पण कुळ त्याहून ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी जुनं आहे आणि ते लठ्ठपणाचं नाहीच. ते पोटातल्या व्रणाचं, म्हणजे अल्सरचं आहे. बायपास झालेल्या माणसाला आठ-दहा वर्षांनी जे त्रास होतात, रक्त कमी होणं, हाडं विरळ होणं, गोड खाल्लं की दरदरून घाम फुटणं, त्यातले बहुतेक या जुन्या घराण्यातून वारशाने आलेले आहेत. त्यांना ‘अनपेक्षित दुष्परिणाम’ म्हणायची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. ते अनपेक्षित नव्हते. ते लिहून ठेवलेले होते.

सुरुवात व्हिएन्नात झाली. जानेवारी १८८१ मध्ये थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोग झालेल्या एका बाईच्या जठराचा खालचा भाग कापला आणि उरलेलं जठर आतड्याला सांधलं. बाई शस्त्रक्रियेतून उठली, काही महिन्यांनी मूळ दुखण्यानेच गेली. पण जठर कापून पुन्हा जोडता येतं हे जगाला कळलं. त्यानंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे सेझार रू यांनी आतडं वाय या रोमन अक्षराच्या आकारात जोडायची रीत काढली. आजच्या बायपासच्या कागदावर ‘रू-एन-वाय’ असं जे लिहिलेलं असतं, त्यातले रू ते हेच. मौज अशी की खुद्द रू यांनीच पुढे ही रीत सोडून दिली, कारण जठर आणि आतडं जिथे सांधलं जाई, तिथे नवा व्रण होई. तो व्रण आजही होतो. बायपासनंतर सिगारेट ओढू नका, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, असं बजावतात ते त्यासाठीच.

विसाव्या शतकाची पहिली साठ-सत्तर वर्षं अल्सरच्या शस्त्रक्रियांची होती. आम्ल कमी करणारं चांगलं औषध हाताशी नव्हतं. मग आम्ल बनवणारं जठरच थोडं कापायचं किंवा अन्नाला दुसरी वाट काढून द्यायची. या काळात लाखो जठरं कापली गेली आणि कापल्यानंतर माणसाचं पुढे काय होतं, याची मोठी माहिती आपोआप जमा झाली.

१९१३ साली लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनी लिहिलं की, अशा रुग्णांचं जठर जेवणानंतर फार झपाट्याने रिकामं होतं आणि त्यांना त्रास होतो. (हे हर्ट्झ पहिल्या महायुद्धाच्या काळात आडनाव बदलून हर्स्ट झाले, वैद्यकाच्या पुस्तकांत ते दोन्ही नावांनी भेटतात.) १९२२ साली चार्ल्स मिक्स यांनी त्याला ‘डम्पिंग’ हे नाव दिलं. जठराच्या खालच्या तोंडाशी पायलोरस नावाची झडप असते. ती अन्न घोटाघोटाने खाली सोडते. झडप काढली किंवा चुकवली की गोड, घट्ट अन्न एकदम आतड्यात कोसळतं. ते पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात धावतं. छाती धडधडते, पोटात कळ येते, जुलाब होतो, माणूस आडवा होतो. दुसरा हल्ला तास-दोन तासांनी येतो. साखर एकदम रक्तात चढलेली असते, तिला आवरायला इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि साखर धाडकन खाली येते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. २००५ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बायपासनंतर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरलेल्या सहा रुग्णांची हकीकत छापली, तेव्हा खळबळ उडाली. उशिरा येणारं डम्पिंग मात्र अल्सरवाल्या सर्जनांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

रक्ताचंही तेच. जेवणातलं लोह शोषलं जातं ते मुख्यतः जठरालगतच्या वीतभर आतड्यात, आणि त्यासाठी आम्ल लागतं. बायपासमध्ये दोन्ही चुकतात. बी-१२ ची गोष्ट आणखी कपटी. ते शोषायला जठरातून पाझरणारा एक घटक लागतो. बॉस्टनच्या विल्यम कॅसल यांनी १९२०च्या दशकाच्या शेवटी तो ओळखला. जठर कापलं की तो घटकही घटतो. पण यकृतात या जीवनसत्त्वाचा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही. माणूस बारीक झालेला असतो, खुशीत असतो, गोळ्या बंद करतो. मग कधीतरी तळपायाला मुंग्या येऊ लागतात. हाडांचा हिशेबही असाच उशिरा चुकता होतो. कॅल्शियम पुरेसं शोषलं गेलं नाही, की रक्तातली पातळी राखायला शरीर ते हाडांतून काढतं.

आणखी एक नाव सांगतो, कारण जीव जातो तो यात. वॉल्टर पीटरसन या जर्मन सर्जनने १९०० साली दाखवून दिलं की, आतडं उचलून जठराला जोडलं की त्याच्या मागे एक फट उरते आणि तीत दुसरं आतडं शिरून अडकू शकतं. बायपासमध्ये ही फट तयार होते. वजन उतरताना आतड्याच्या पडद्यातली चरबी वितळते आणि ती रुंदावते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने यात नकळत भर घातली: पोट उघडून केलेल्या कामानंतर आतली इंद्रियं जागोजाग चिकटून बसत, दुर्बिणीने केल्यावर ती मोकळी राहतात आणि घसरायला रान मोकळं मिळतं. पाच वर्षांनी मध्यरात्री पोटात कळ येते. आतडं अडकून काळं पडेपर्यंत हाती काही तासच असतात.

आता मेसन यांच्याकडे वळू. अल्सरच्या या शस्त्रक्रियांनंतरची एक तक्रार साऱ्या सर्जनांच्या नेहमीच्या कानावरची होती: रुग्णाचं वजन वाढत नाही. जठराचा मोठा भाग काढलेल्या बायका बारीकच राहतात, हे मेसन यांनी पाहिलं आणि ती तक्रार उलटी धरली. जे अल्सरच्या रुग्णाला नको होतं, ते लठ्ठ रुग्णाला हवं होतं. थोडक्यात, ही शस्त्रक्रिया एका दुष्परिणामापोटी जन्मली. एकच दुष्परिणाम मात्र निवडून घेता येत नाही. त्याची सगळी भावंडं सोबत आली.

मेसन यांच्या बाजूने एवढं म्हटलं पाहिजे की, त्यांच्यापुढे तेव्हा जो पर्याय होता तो याहून भयंकर होता. १९५०च्या दशकात मिनेसोटात आणि लॉस एंजेलिसमध्ये जठराला हात न लावता आतडंच तोडून टाकायची पद्धत निघाली होती. तिच्या रूढ झालेल्या प्रकारात वीसेक फूट लहान आतड्यातलं वरचं चौदा इंच आणि शेवटचं चार इंच तेवढं वापरात ठेवत, बाकीचं बाजूला. माणूस हवं ते खाई आणि ते न पचता निघून जाई. वजन उतरलं, पण त्यामागोमाग यकृत निकामी होणं, सांधे सुजणं, रातांधळेपणा हेही आलं. मुतखडेही झाले, आणि त्यांचं कारण वाचण्याजोगं आहे. न पचलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम धरून ठेवते. एरवी कॅल्शियम ज्याला बांधून बाहेर नेतं, ते ऑक्झलेट मग मोकळं राहून रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात साचतं. (कच्च्या अळूने घसा खाजतो तो याच ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे.) १९८०च्या सुमारास ही पद्धत बंद पडली. कित्येकांचं आतडं पुन्हा पूर्ववत जोडावं लागलं आणि वजन परत आलं.

पुढची वंशावळ झटपट सांगतो. मेसन यांच्या मूळ जोडणीत पित्त उलटं जठरात येई, म्हणून १९७७ मध्ये केंटकीतल्या वॉर्ड ग्रिफन यांनी रू यांची वायची जोडणी परत आणली. १९९०च्या दशकात दुर्बीण आली आणि मग संख्या वाढली. जठराभोवती पट्टा बांधायची फॅशन येऊन गेली. आज जगात सर्वांत जास्त होणारी ‘स्लीव्ह’ ही तर एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. फार जड रुग्णांना एका वेळी सगळं झेपणार नाही म्हणून आधी जठर तेवढं नळीसारखं बारीक करत; काहींचं वजन तेवढ्यानेच उतरलं आणि दुसरा टप्पा राहूनच गेला. तिचा दूरचा त्रास वेगळा: छातीत जळजळ, आम्ल वर येणं.

दरम्यान मूळ घराणं संपलं. आम्ल रोखणाऱ्या गोळ्या १९७०च्या दशकात आल्या. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन यांना अल्सरमागचा जंतू सापडला, त्याबद्दल २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अल्सरसाठी जठर कापणं जवळजवळ थांबलं. त्या रुग्णांना वीस-वीस वर्षं तपासणारी सर्जनांची पिढीही निवृत्त झाली. तेच जठर, तीच जोडणी, पण खातं बदललं, आणि जुन्या खात्यातली शिकवण नव्या खात्यात पूर्ण उतरली नाही. पंचविशी-तिशीतल्या माणसाच्या पोटात ही जोडणी पुढली पन्नास वर्षं राहायची असते. पाठपुरावा मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच सैलावतो.

शस्त्रक्रिया करूच नये, असा याचा अर्थ नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या लार्श ख्योस्त्रोम यांच्या दीर्घ अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेले लोक तशाच वजनाच्या पण शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षं जास्त जगले. सर्वसाधारण लोकांपेक्षा मात्र ते साडेपाच वर्षं कमीच जगले. दोन्ही आकडे एकाच अहवालातले आहेत. जाहिरातीत पहिलाच येतो. मधुमेह अनेकांचा हटतो, हृदयविकार घटतो. अमेरिकेतल्या युटाह राज्यातल्या २००७च्या अभ्यासात रोगांमुळे होणारे मृत्यू घटलेले दिसले, तर अपघात आणि आत्महत्यांचे वाढलेले. बायपासनंतर दारू झटकन चढते आणि काहींना तिचं व्यसन लागतं, हेही नोंदलं गेलं आहे.

आपल्याकडे या वारशाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. एक, भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून चरबीदार असतो. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याने स्वतःचीच तुलना छापली: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दुसरी, पुण्याच्या आणि आसपासच्या पुरुषांत सुमारे दोन तृतीयांशांना बी-१२ कमी होतं. पहिल्या गोष्टीमुळे आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा खाली आली आहे. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बीएमआय २७.५ पासून तिचा विचार होतो. दुसरीचा अर्थ असा की, शाकाहारी घरातला रुग्ण टेबलावर चढतो तोच रिकाम्या साठ्यानिशी. त्याला दोन-तीन वर्षांची सवलतही मिळत नाही. त्यात आपला उपासाचा साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, डम्पिंगला आमंत्रणच. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा.

घरात कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिचं नेमकं नाव आणि साल लिहिलेला कागद पाकिटात ठेवा. ‘पोटाचं ऑपरेशन’ एवढं सांगून भागत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दरवर्षी तपासा, आयुष्यभर. कॅल्शियम सायट्रेटचं घ्या, कार्बोनेटला आम्ल लागतं. उलट्या चार दिवस थांबल्या नाहीत, तर सलाईनमधून साखर चढण्याआधी थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायला सांगा. ते राहिलं तर मेंदूला इजा होते. आणि किती का वर्षं लोटली असेनात, पोटात अचानक जोराची कळ आली तर पित्त म्हणून अंगावर काढू नका. त्याच रात्री बायपासची माहिती असलेल्या सर्जनकडे जा.