तळ्यांचं कोल्हापूर

कोल्हापुरातला जुना माणूस पत्ता सांगतानाही पाण्याच्याच खुणा देतो. गांधी मैदान त्याच्या लेखी वरुणतीर्थ असतं आणि शाहू स्टेडियम रावणेश्वर. कपिलतीर्थाचं नाव तेवढं भाजी मंडईला चिकटून राहिलंय. ही सगळी एकेकाळची तळी. उन्हाळ्यात त्या स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा फुटबॉल सामना रंगला की आजोबा मला कोपरानं ढोसायचे, ‘‘लेका, तळ्याच्या बुडात बसून मॅच बघतोयस, ठावं हाय का?’’

तळी बुजली म्हणून त्यांनी कधी गळा काढला नाही. भराव पडला तसं त्या जागेवर खेळायला जाणाऱ्यांत तेही होतेच. पण रंकाळा तळ्याचा विषय निघाला की त्यांचा सूर बदलायचा. त्यांच्या सांगण्यानुसार रंकाळा ही मुळात दगडाची खाण. अंबाबाईच्या देवळाला दगड इथूनच गेला, मग धरणीकंप झाला आणि पाणी वर आलं. त्या पाण्याखाली रंकभैरवाचं सोन्याचं देऊळ बुडालेलं आहे. काठावरचा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. तो पाण्याला टेकला की जगबुडी! आम्ही पोरं काडी घेऊन नंदीसमोरचं अंतर मोजायचो आणि अजून पुष्कळ अवकाश आहे अशी खात्री करूनच पाण्यात उतरायचो.

मे महिन्यात पाणी खाली गेलं की रंकाळ्यातला संध्यामठ उघडा पडायचा. पावसाळाभर पाण्यात उभे असलेले ते दगडी खांब हिरवे-काळे, बुळबुळीत दिसायचे. नवशिक्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, काठावरून ढकलून द्यायचं, एवढीच आमची शिकवणी. मुटका मारला की पाणी थेट घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या अंगावर. त्यांच्या शिव्या खात पुन्हा वर यायचं, पुन्हा मुटका. पलीकडं म्हशी नुसती नाकपुडी वर ठेवून डुंबत असायच्या. संध्याकाळी त्याच म्हशी गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभ्या. समोर धार काढायची आणि फेसाचा पेला तसाच तोंडाला लावायचा. ओठावरची पांढरी मिशी पुसायची नाही, घरापर्यंत मिरवायची. खिशात चार आणे उरले तर पानाच्या द्रोणातली करवंदं, नाहीतर रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ.

त्या कठड्यावरून शालिनी पॅलेस समोर दिसतो. 1931 ते 1934 या काळात तो बांधला, राजकन्या शालिनीराजेंचं नाव त्याला दिलं. आजोबा तेव्हा पोरवयात होते. बांधकामावर काळा दगड घडवणाऱ्या पाथरवटांच्या छिन्न्यांचा आवाज पाण्यावरून शहरापर्यंत यायचा, असं ते सांगत. सिनेमाची गडबडही त्याच सुमाराची. प्रभात कंपनी 1929 साली याच गावात निघाली, पुढं रंकाळ्याकाठी शालिनी सिनेटोन उभा राहिला. गर्दीच्या दृश्यात उभं राहायला पोरं हवीत अशी हाक आली की तालमी ओस पडायच्या. आजोबा एका चित्रपटात मावळा झाले होते म्हणे. कुठल्या, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एवढी तळी गेली, मग रंकाळाच कसा राहिला? तो मोठा म्हणून राहिला, असं मी शहाणपणानं म्हणालो होतो. आजोबांचा हिशेब वेगळा होता. ‘‘ज्या पाण्यात गावाची पोरं उतरत्यात, ते बुजवायला कुणाचा हात धजत नाही.’’

हे मला आता पटतं आणि म्हणूनच धास्तीही वाटते. मध्यंतरी सांडपाण्यानं रंकाळ्याचं पाणी हिरवं पडलं, जलपर्णी माजली. शहरानं आरडाओरड केली, सफाई झाली, पुन्हा होईल. संध्याकाळी कठडा आजही भरतो, भेळेला रांग असते. पण सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं आणि पाठ पाण्याकडं. माझ्या नातवाला पोहायला येतं, ते निळ्या फरशीच्या टाकीत. रंकाळ्यात उतरतोस का विचारलं तर तो नाक मुरडतो. त्यात त्याचा काय दोष? पाणी उतरण्याजोगं ठेवायचं काम आमच्या पिढीचं होतं, आणि ते अजून आमच्याच अंगावर आहे.