राखणदाराने भुंकावे कोणाकडे?

हिशेबतपासनीस हा राखणदार कुत्रा आहे, माग काढीत हिंडणारा शिकारी कुत्रा नव्हे, हे न्यायमूर्ती लोप्स यांचे मत व्यापारी जगात सर्वतोमुखी झाले आहे. ते १८९६ साली इंग्लंडात किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात उच्चारले गेले. गिरणीचा व्यवस्थापक वर्षानुवर्षे शिल्लक मालाचा आकडा फुगवीत असे. मग नसलेला नफा दिसे आणि लाभांश वाटला जाई. तपासनिसांनी त्याचा दाखला प्रमाण मानला. आरंभीच्या साठ्यात खरेदी मिळवून विक्री वजा केली असती, तरी लबाडी उघडी पडती. परंतु संशयाला कारण नसता विश्वासू नोकरावर विसंबणे हा निष्काळजीपणा नव्हे, असे अपील न्यायालयाने ठरविले. निर्णय जरा उदारच म्हणावयाचा!

याच न्यायालयाचा आदल्या वर्षीचा निकाल मात्र लोकांच्या ध्यानी राहिला नाही. लंडन अँड जनरल बँकेची कर्जे बुडीत होती, आणि तपासनीस थिओबाल्ड यांना ते ठाऊक होते. संचालकांना त्यांनी सविस्तर अहवाल दिला. यंदा लाभांश वाटू नये, असे स्पष्ट वाक्यही त्यात होते. अध्यक्षांच्या आग्रहाखातर ते गाळले गेले. भागधारकांना एवढेच कळविले की, मालमत्तेची किंमत वसुलीवर अवलंबून आहे. आता कोणत्या मालमत्तेची नसते? माहितीचा माग दाखविणे म्हणजे माहिती देणे नव्हे, असे म्हणून न्यायालयाने थिओबाल्ड यांना जबाबदार धरले. येथे वास लागला होता. राखणदार भुंकलाही, पण घरमालकाला ऐकू जाईल असा नव्हे.

साठ्याचा प्रश्न १९३८ साली अमेरिकेत पुन्हा उपस्थित झाला. मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या वह्यांत नसलेली गोदामे भरलेली होती. १९३९ पासून तेथील तपासनिसांना माल मोजताना स्वतः हजर राहणे आणि येणेकऱ्यांकडून रकमा पडताळून घेणे भाग पडले.

हिंदुस्थानात २००९ साली सत्यमचे बनावट बँकशिलकीचे प्रकरण उघडकीस आले. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने, अधिकाऱ्यांनी वा नोकरांनी केलेली अफरातफर थेट केंद्र सरकारला कळविण्याचे बंधन तपासनिसावर घातले. रकमेची मर्यादा १ कोटी रुपये वा अधिक. मात्र आधी संचालक मंडळाला वा लेखापरीक्षण समितीला कळवून ४५ दिवस उत्तराची वाट पाहावयाची. त्यांनी उत्तर दिले नाही, तरी अहवाल सरकारकडे जातोच.