गळके घुमट

१९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, ट्रिनिडाड या कोळसाखाणींच्या गावाजवळ, काही तरुण कलाकारांनी ४५० डॉलरला सात-एक एकर गुरचरण विकत घेतलं आणि तिथे घुमट उभारायला घेतले. वस्तीचं नाव ठेवलं ड्रॉप सिटी. त्रिकोणांच्या सांगाड्याचा जिओडेसिक घुमट अमेरिकी संशोधक बकमिन्स्टर फुलर यांनी आधीच गाजवला होता. त्यांचं पेटंट १९५४चं. या मंडळींकडे पैसा नव्हता, म्हणून त्यांनी भंगारातल्या मोटारींचे टप कुऱ्हाडीने तोडून सांगाड्यावर ठोकले. पुढे असे घुमट अमेरिकाभर उगवले आणि बहुतेक सगळे गळले. त्यात नवल नाही. उतरत्या छपरावर वरचं कौल खालच्यावर चढतं, पाणी आपोआप वाहून जातं. घुमटात मात्र त्रिकोणाची प्रत्येक कड म्हणजे एक सांधा, आणि उन्हाथंडीने सांधे उघडतात. आत गोल भिंतीला कपाट लागत नाही, खोल्या पाडता येत नाहीत, एकाची कुजबुज सगळ्यांना ऐकू येते.

एवढ्यावरून प्रस्थापित जगण्याला नकार देणाऱ्या या प्रतिसंस्कृतीच्या चळवळीची वास्तुकला म्हणजे पोरखेळ, असा निकाल देणं सोपं आहे. पण घुमटांची सर्वांत कडक झडती त्या चळवळीतल्याच लॉइड कान यांनी घेतली. त्यांचं घुमटबांधणीचं पुस्तक ‘डोमबुक २’ (१९७१) हातोहात खपत असताना त्यांनी ते छापणं थांबवलं आणि १९७३च्या ‘शेल्टर’मध्ये जगभरच्या झोपड्या, कोठारं, तंबू यांच्याबरोबर स्वतःच्या चुकाही मांडल्या. वास्तुविशारदाचा धंदा आपली गळती अशी चव्हाट्यावर आणत नाही. माझ्या मते या चळवळीची खरी देणगी घुमटाचा आकार नव्हे. घर स्वतः बांधावं, आणि फसलं तर कसं फसलं ते सर्वांना सांगावं, ही रीत.

कुणी म्हणेल, हे शिकल्यासवरल्या गोऱ्या मुलांचे चोचले, आणि घुमट तरी कुठला बंडखोर? उत्तर ध्रुवाकडच्या रडारवर अमेरिकी लष्कराने तोच चढवला होता. दोन्ही खरं. पण लष्कराचं तंत्र कुऱ्हाड आणि भंगार घेऊन कुणालाही वापरता येतं, हे याच मुलांनी दाखवलं. ड्रॉप सिटीच्या घुमटांत हातभार लावणारे स्टीव्ह बेअर पुढे न्यू मेक्सिकोत सूर्यावर तापणाऱ्या घरांकडे वळले: दक्षिणेच्या काचेआड पाण्याने भरलेली पिंपं, दिवसा तापणारी, रात्री ऊब देणारी. १९७३च्या तेलटंचाईनंतर असल्या घरांकडे लोक गंभीरपणे पाहू लागले. ड्रॉप सिटीचा एकही घुमट आज उभा नाही.