जुनेपणाचा आस्वाद आणि ‘कुंकू’

जुन्या चित्रपटांच्या रसिकाकडे आपली समीक्षा काहीशा तुच्छतेनेच पाहत आली आहे. स्मरणरंजन हा शब्द उच्चारला की तिचे काम संपते. तथापि लुगड्याचा काठ, कोटाची ठेवण, भिंतीवरचे घड्याळ यांवर प्रथम नजर खिळते ती रसिकाचीच. अभ्यासकाने तोवर कथानकाला ‘जरठ-कुमारी विवाहाची समस्या’ असे नाव देऊन टाकलेले असते.

‘प्रभात’चा ‘कुंकू’ (१९३७) घ्यावा. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी केलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. भोवतालचे स्वाभाविक आवाजच ते काम करतात. त्यामुळे घड्याळाची टिकटिक ही सजावट राहत नाही. वृद्ध काकासाहेबांचे (केशवराव दाते) सरत चाललेले आयुष्य ती मोजते आणि त्यांचे पतीपण नाकारणाऱ्या नीरेचा (शांता आपटे) कोंडलेला काळही. पनवेलच्या पदव्युत्तर वर्गात आज हेच घड्याळ ‘जुन्या धाटणीचे’ म्हणून वाखाणले जाते. १९३७च्या प्रेक्षकाला मात्र ते आपल्या काळातलेच वाटले असणार. जुनेपणा संहितेत नसतो, तो आपण तिला बहाल करतो. आणि त्या मोहक धूसरतेत नीरेचा नकार मवाळ होऊन जातो.

रसिकाचा दोष असलाच तर एवढाच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा (स्थापना १९६४) संग्रह पी. के. नायर यांनी वाढवला तो अशाच आसक्तीपोटी. सिद्धान्त नंतर आले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आज संपूर्ण पाहावयास मिळत नाही.