मराठी शब्दसंपत्तीतील रंगभूमीचे अवशेष

लाकूडकाम करणाऱ्या कारागिरास आपण सुतार म्हणतो. मद्यपी मनुष्यास तळीराम म्हणतो. एखादे प्रकरण मिटले, की त्यावर पडदा पडला असे म्हणतो. आणि १९२९ साली संमत झालेला बालविवाहप्रतिबंधक कायदा आपणांस शारदा कायदा या नावाने परिचित आहे. वरवर पाहता या चार गोष्टींत काहीही साम्य नाही. सामान्यज्ञानाच्या परीक्षेतील चार निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे म्हणून त्या शोभतील. परंतु त्या चारही गोष्टींच्या मागे रंगभूमी उभी आहे, निदान उभी असल्यासारखी दिसते. 'दिसते' हे क्रियापद येथे हेतुपुरस्सर योजले आहे. कारण या चारांपैकी एकीचा नाटकाशी संबंधच नाही आणि दुसऱ्या एकीचा संबंध आपण समजतो त्याच्या उलट दिशेचा असण्याचा संभव आहे. शब्दांच्या साक्षीवरून नाट्येतिहास लिहू पाहणाऱ्याने अर्थ कोणत्या दिशेने प्रवास करीत गेला आणि केव्हा, हे प्रथम तपासले पाहिजे. ती तपासणी केल्यास मराठीने नटाविषयी दिलेला एक निर्णयही हाती लागतो, आणि तो फारसा सुखावह नाही.

प्रथम सोपी प्रकरणे निकालात काढू. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. वृद्ध भुजंगनाथाशी कोवळ्या वयाच्या शारदेचा विवाह ठरविला जातो, हा त्याचा विषय. पुढे तीस वर्षांनी मुलींच्या विवाहाचे वय किमान चौदा व मुलांचे अठरा ठरविणारा कायदा झाला आणि मराठी माणसाने त्यास शारदा कायदा म्हटले. नाटकामुळेच कायद्यास हे नाव मिळाले, असा समज आजही ऐकू येतो. वस्तुतः ते नाव कायद्याचे पुरस्कर्ते हरबिलास सारडा यांचे आहे. परकीय वा अपरिचित विशेषनामास आपल्या परिचयाच्या शब्दाचे रूप देणे, यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. येथे सारडाची शारदा होण्यास ध्वनिसाम्य पुरेसे नव्हते. देवलांच्या नायिकेने तीन दशके श्रोत्यांच्या मनात घर केले होते, म्हणूनच हा बदल इतका सहज झाला. व्युत्पत्ती म्हणून हे खोटे आहे. नाटकाच्या प्रभावाचा पुरावा म्हणून मात्र ते टाकाऊ नाही.

तळीरामाविषयी शंका घेण्यास जागा नाही. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या मृत्यूनंतर, १९१९ सालीच रंगभूमीवर आले आणि त्यातील तळीराम हे पात्र अल्पावधीतच सामान्यनाम झाले. ज्यांनी ते नाटक कधी पाहिले वा वाचले नाही, असे लोकही तो शब्द वापरतात. नाटकाचा नायक सुधाकर हाही मद्यपीच. पण भाषेने त्याची निवड केली नाही. शोकात्म नायकापेक्षा त्याच्या विनोदी साथीदाराचे नाव जिभेवर बसले, यात भाषेची स्वतःची अशी एक रसिकता आहे.

'पडदा पडणे' या वाक्प्रचाराचे महत्त्व याहून अधिक आहे, कारण त्याचा काळ ठरविता येतो. पडदा हा शब्द फारसी असून मराठीत तो जुना आहे; घरातील पडदा, अंतःपुरातील पडदा या अर्थांनी त्याचा वापर नाटकाची वाट पाहत थांबला नव्हता. परंतु पडदा पडणे म्हणजे एखाद्या गोष्टीचा शेवट होणे, हा अर्थ प्राचीन भारतीय रंगभूमीवरून येणे शक्य नाही. नाट्यशास्त्रोक्त नाट्यगृहात पडदा असे तो रंगपीठ व नेपथ्यगृह यांच्या बाजूस, म्हणजे नटांच्या पाठीमागे. प्रेक्षक व नट यांच्यामध्ये खाली येऊन खेळ संपविणारा पडदा तेथे नव्हता. अंक संपे तो सर्व पात्रे निघून गेल्याने. शेवट दर्शविणारा दर्शनी पडदा आपल्याकडे आला तो चौकटीच्या पाश्चात्त्य रंगमंचाबरोबर. मुंबईत असे नाट्यगृह १७७६ साली उभे राहिले होते, पण ते इंग्रजांच्या करमणुकीचे स्थान होते. १८४६ साली ग्रँट रोडवरील नाट्यगृह सुरू झाले आणि विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने १८५३ साली तेथे प्रयोग केले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकाचा या पडद्याशी खरा संबंध आला. तेव्हा हा वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा असू शकत नाही. 'पडद्याआड' या शब्दाबद्दल मात्र असे काही सांगता येत नाही. तो घरातूनही आलेला असेल आणि नाट्यगृहातूनही.

प्रसंगतः, संस्कृतातील पडद्याचा शब्द 'यवनिका'. त्यातील 'यवन' या अवयवावर भिस्त ठेवून एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय पंडितांनी भारतीय नाटकाच्या ग्रीक उगमाचा मोठा सिद्धान्त उभारला. ग्रीक रंगभूमीवर असा पडदाच नव्हता आणि कापडास ते जेथून येते त्या देशाचे नाव पडू शकते, हे आक्षेप घेतले गेल्यावर त्या सिद्धान्ताचा हा आधार ढिला झाला. एका शब्दावर केवढे ओझे घालावे, याचा हा धडा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विसरू नये.

आता सुतार. 'सुतार' व 'सूत्रधार' हे दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. संस्कृत 'सूत्रधार' यापासून प्राकृत 'सुत्तहार' व त्यापासून मराठी 'सुतार' हा क्रम ध्वनिनियमांस धरून आहे. काहींच्या मते मूळ शब्द 'सूत्रकार' असावा. परंतु गुजराती व राजस्थानी भाषांत 'सुथार' असे महाप्राणयुक्त रूप आढळते. हा महाप्राण 'धार' मधील धकाराचा अवशेष मानला, की उलगडा होतो. 'कार' पासून तो निघत नाही. म्हणजे एकच संस्कृत शब्द मराठीत दोन वाटांनी आला. लोकांच्या तोंडी झिजत आला तो सुतार झाला, ग्रंथांतून अक्षत आला तो सूत्रधार राहिला.

सुतार हा नाटकातून बाहेर पडला, की सूत्रधार हाच सुताराच्या कामातून नाटकात शिरला? वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत स्थपतीच्या खालोखाल सूत्रग्राही येतो. मोजणीची दोरी धरणारा तो. मध्ययुगात शिल्पी व स्थपती यांना सूत्रधार ही पदवी असे. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या आश्रयास असलेला मंडन हा स्थपती सूत्रधार मंडन म्हणूनच प्रसिद्ध आहे. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय पाहिला, तर तेथेही नाट्यगृहाचा आरंभ सूत्र धरण्यानेच होतो. पुष्य नक्षत्रावर पांढरे सूत्र पसरून भूमी मोजावयाची. ते मध्येच तुटले तर स्वामीचा मृत्यू, एक-तृतीयांशावर तुटले तर राज्यात क्षोभ, चतुर्थांशावर तुटले तर प्रयोक्त्याचा नाश. ज्या कलेचे पहिले कृत्य दोरीने जमीन मोजणे हे आहे, तिच्या प्रमुखास सूत्रधार म्हणावे हे स्वाभाविक वाटते.

दुसरे मत असे, की सूत्रधार म्हणजे बाहुल्यांची दोरी धरणारा. शंकर पांडुरंग पंडित यांनी 'विक्रमोर्वशीय' संपादन करताना हे सुचविले व पुढे १९०० साली रिचर्ड पिशेल यांनी बाहुल्यांच्या खेळाचे मूळ भारतात असल्याचे प्रतिपादन करताना त्याचा आधार घेतला. बाहुल्यांचा खेळ आपल्याकडे प्राचीन आहे, यात संशय नाही. उद्योगपर्वात धृतराष्ट्र मनुष्याच्या पराधीनतेस दोरीत ओवलेल्या लाकडी स्त्रीची उपमा देतो, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायातील यंत्रारूढ भूतांचा अर्थ सांगताना शंकराचार्यही लाकडी पुरुषांचाच दृष्टांत घेतात. तथापि उपमेचे प्राचीनत्व म्हणजे संज्ञेचा उगम नव्हे. माझ्या मते मोजणीच्या दोरीचा पक्ष अधिक बळकट आहे.

येथे एक गमतीची गोष्ट घडली आहे. उगमाच्या वादात दुबळा ठरलेला बाहुल्यांचा पक्ष लोकांच्या भाषेत निर्विवाद विजयी झाला आहे. वर्तमानपत्रे 'कटाचा सूत्रधार' असे लिहितात, तेव्हा त्यांना स्वतः न दिसता इतरांना हलविणारा मनुष्य अभिप्रेत असतो. हा अर्थ मराठी रंगभूमीवरील सूत्रधारास मुळीच लागू पडत नाही. १८४३ साली सांगलीत भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून त्यांच्या खेळांतील सूत्रधार प्रेक्षकांसमोर उभा राहून आख्यानाची पदे म्हणे आणि त्यास अनुसरून पात्रे आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत. त्यातील राक्षसांच्या आरडाओरडीमुळे पुढील पिढीतील सुशिक्षितांनी या खेळांस अललडुर्र नाटके असे हिणवले, पण राक्षसांइतकाच सूत्रधारही तेथे उघड दिसत होता. १८८० च्या किर्लोस्करी 'शाकुंतला'तही तो नांदीनंतर समोरच येतो. तेव्हा लपलेला सूत्रधार हा नाटकातील नव्हे, कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातील होय. 'सूत्रे हलविणे' हा वाक्प्रचारही तेथलाच.

हे शब्द एकत्र ठेवून पाहिले असता मघाशी उल्लेखिलेला निर्णय स्पष्ट होतो. जो दिसत नाही, त्याच्या वाट्यास सत्ता आली: सूत्रधार, सूत्रे, पडद्यामागील हालचाली. जो दिसतो, त्याच्या वाट्यास खोटेपणा आला: सोंग करणे, नाटक करणे, नाटकी बोलणे, तमाशा मांडणे. विक्षिप्त माणसास आपण 'काय पात्र आहे' म्हणतो. तमाशाच्या बाबतीत थोडे सावध राहावयास हवे. मूळ अरबी धातू चालण्याचा, फारसीत सहलीचा व मौजेच्या देखाव्याचा, आणि सार्वजनिक शोभा हा अर्थ हिंदी-उर्दूतही आहे, म्हणून त्याचा सारा दोष आपल्या फडांवर टाकता येत नाही. 'भूमिका' हा सन्माननीय शब्द अपवादादाखल पुढे केला जाईल. परंतु 'भूमिका घेणे' यातील भूमिका नटाची, की योगवासिष्ठातील ज्ञानाच्या सात भूमिकांसारखी पायरी वा अधिष्ठान, याचा निर्णय व्हावयाचा आहे. मी दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. नटाची भूमिका प्रयोगानंतर उतरून ठेवता येते, आणि आपण ज्याला वैचारिक भूमिका म्हणतो तिच्याविषयी अपेक्षा नेमकी उलट असते.

हा पक्षपात केवळ मराठीचा नाही. ग्रीक भाषेतील नटवाचक 'हिपोक्रितेस' या शब्दाचे वंशज युरोपीय भाषांत दांभिकाचे वाचक झाले. ख्रिस्तपूर्व ३३० साली अथेन्समध्ये डेमोस्थेनीसने आपला प्रतिस्पर्धी एस्किनीस हा पूर्वी नट होता, याचा भर सभेत उपहास केला. हा व्यवसाय टोमणा मारण्याजोगा झालाच होता. याउलट लॅटिनमधील मुखवट्याचा शब्द 'पर्सोना' हा नाटकातील पात्र, मग न्यायालयातील पक्षकार, मग ख्रिस्ती त्रैक्यातील प्रत्येक घटक आणि अखेर इंग्रजी 'पर्सन', असा चढत गेला. मुखवट्यातून आवाज घुमतो म्हणून हे नाव, ही प्राचीन रोमन व्युत्पत्ती आकर्षक असली तरी टिकत नाही. 'पर्सोना'तील ओकार दीर्घ, घुमणे या अर्थाच्या धातूतील ऱ्हस्व. हा शब्द एट्रुस्कन भाषेतून आला असावा. लक्षात घेण्याजोगे हे, की ज्या रोमन विधीने मुखवट्याच्या नावाने मनुष्यास कायद्यातील स्थान दिले, त्याच विधीने रंगमंचावर उतरणाऱ्या नटास अप्रतिष्ठित ठरविले. मुखवटा मान्य झाला, तो धारण करणारा झाला नाही.

आपल्या धर्मशास्त्राची वृत्ती निराळी नव्हती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीस अपात्र ठरविलेल्यांची यादी आहे. तीत कारुक आणि कुशीलव, म्हणजे कारागीर आणि नट, एकाच दमात वगळले आहेत. ज्या शब्दाने पुढे सुतार व नाट्यप्रमुख या दोघांस नाव दिले, त्या दोघांच्या वर्गांस शास्त्राने न्यायसभेबाहेर एकत्रच उभे केले होते. नाट्यशास्त्राच्या अखेरीस तर भरतपुत्रांनी ऋषींची नक्कल केल्यामुळे त्यांना शूद्रत्वाचा शाप मिळाल्याची कथा आहे. नटांचे सामाजिक स्थान हीन होते आणि ते समर्थनीय ठरविण्यासाठी कथेची गरज भासली, एवढे त्यावरून खास म्हणता येते.

म्हणून 'सोंग' या शब्दाची नोंद कोशात करताना पहिला अर्थ ढोंग असा देणे मला सदोष वाटते. सर्व सोंगे आणता येतात पण पैशाचे आणता येत नाही, ही म्हण शहरी कानास ढोंगाविषयी वाटते. तिच्यातील 'आणणे' हे क्रियापद मात्र खेळातील आहे. लळितात आणि कोकणातील दशावतारात सोंग हा तांत्रिक शब्द होय. पात्राचा वेष व प्रवेश यांस अनुलक्षून तो येतो आणि त्यात निंदेचा लेशही नसतो. नाशिक, ठाणे, पालघर या भागांतील बोहाड्यात देवदेवतांचे मुखवटे धारण करून रात्री सोंगे नाचविली जातात. तेथे सोंगापुढे लोक हात जोडतात.