शस्त्र कोणाच्या हाती? हक्क, परवाना आणि नागरिकत्व : एक धागा

१/ मार्च १९३१. काँग्रेसच्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव संमत झाला. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क त्यात होता. डिसेंबर १९४८ मध्ये, काँग्रेसचेच बहुमत असलेल्या संविधान सभेने हाच हक्क नाकारला. अवघ्या सतरा वर्षांत असे काय बदलले?

२/ उत्तर शोधण्यासाठी आधी इतर समाजांकडे पाहू. १५८८ साली जपानमध्ये तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांकडील तलवारी, भाले आणि बंदुका जप्त करण्याचा हुकूम काढला. या लोखंडातून बुद्धाच्या भव्य मूर्तीसाठी खिळे घडवू, असे कारण दिले गेले. सामुराईंच्या तलवारी मात्र त्यांच्या कमरेलाच राहिल्या. शेतकरी आणि योद्धा यांच्यातील भिंत त्यामुळे पक्की झाली. सामुराईंची तलवार उतरायला पुढे १८७६ साल उजाडावे लागले.

३/ इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेने शस्त्रे बाळगण्यास मान्यता दिली. पण कोणाला? प्रॉटेस्टंट प्रजाजनांना, तीही त्यांच्या सामाजिक दर्जाला साजेल आणि कायदा परवानगी देईल इतकीच. कॅथलिकांचा त्यात उल्लेख नव्हता. हक्काच्या वाक्यातच धर्म आणि दर्जा यांची चाळणी लावलेली होती.

४/ अमेरिकेच्या संविधानातील दुसरी दुरुस्ती १७९१ ची. तिच्यात 'लोकांचा' हक्क असा शब्दप्रयोग आहे. परंतु १८५७ च्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी कृष्णवर्णीयांना नागरिक मानण्यास नकार दिला. त्यांना नागरिक मानले तर जातील तेथे शस्त्र बाळगण्याची मुभाही द्यावी लागेल, ही भीती त्यांनी निकालपत्रातच नोंदवून ठेवली आहे.

५/ गुलामगिरी संपली तरी ही भीती संपली नाही. १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्यावाचून बंदूक बाळगण्यास मनाई केली. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते कॅलिफोर्नियात उघडपणे बंदुका घेऊन गस्त घालू लागले. भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा तेथे लगोलग झाला. त्यावर स्वाक्षरी होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची.

६/ आता भारत. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने निःशस्त्रीकरणाचे कायदे केले. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात त्यांना व्यापक रूप मिळाले. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. लेखणी आणि बंदूक, दोन्हींवर एकाच वर्षी पहारा बसला.

७/ या शस्त्र कायद्यानुसार भारतीयाला परवाना सक्तीचा झाला. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांना सूट मिळाली. सरकारच्या विश्वासातील काही देशी समाजही सुटले. कूर्गमधील कोडव समाजाला मिळालेली सूट तर आजतागायत चालू आहे. म्हणजे अट बंदुकीच्या धोक्यावर ठरत नव्हती. ती बंदूक कोणाच्या हाती आहे, यावर ठरत होती.

८/ म्हणूनच हा कायदा सुशिक्षित भारतीयांना अपमान वाटला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध आवाज उठवला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचा प्रचार करताना खुद्द गांधीजींनी लिहिले, की ब्रिटिश राजवटीच्या अनेक दुष्कृत्यांत संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासाला सर्वांत काळा वाटेल. अहिंसेच्या पुरस्कर्त्याचे हे मत अनेकांना चकित करते. त्यांचा आक्षेप मात्र स्पष्ट आहे : ज्याला शस्त्र धरण्याची मुभाच नाही, त्याने ते खाली ठेवण्याला अर्थ उरत नाही.

९/ कराचीच्या ठरावामागे ही अर्धशतकाची सल होती. डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामथ यांनी संविधान सभेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली, तेव्हा त्यांनी याच वारशाचा आधार घेतला.

१०/ डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : आग्रह धरायचाच तर व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नको, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा. शिवाय असा मूलभूत हक्क एकदा दिला, की चोर-दरोडेखोरही त्यावर दावा सांगू शकतील.

११/ काळही लक्षात घ्यायला हवा. फाळणीच्या कत्तली ताज्या होत्या. गांधीजींची पिस्तुलाने हत्या होऊन वर्षही उलटले नव्हते. हैदराबादेत रझाकारांचा धुमाकूळ नुकताच शमला होता. अखेर संविधानाने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले ते 'शांततेने व शस्त्रांविना'. मूलभूत हक्कांत शस्त्राला थेट स्थान मिळाले ते एकाच ठिकाणी : अनुच्छेद २५ मधील शिखांचे कृपाण, तेही धर्मस्वातंत्र्याचा भाग म्हणून.

१२/ लिटनच्या काळातील कायदा स्वतंत्र भारतात आणखी काही वर्षे चालला. १९५९ च्या नव्या शस्त्र कायद्याने तो रद्द केला, पण परवान्याची चौकट तशीच राहिली. अमेरिकेत याउलट घडले. २००८ च्या हेलर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्णय दिला.

१३/ कामथ आणि आंबेडकर दोघेही वसाहतवादाचे विरोधक होते. एकाला निःशस्त्र प्रजेची मानहानी आठवत होती. दुसऱ्याला सशस्त्र बलदंडांपुढे दुर्बल नागरिकाचे काय होईल, याची चिंता होती. आपण दुसऱ्याचे ऐकले, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. पण कामथांचा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. परवाना देणारा अधिकारी कोणाला 'विश्वासू' मानतो आणि कोणाला नाही, हे तपासत राहणे आजही आपले काम आहे. १८७८ चा खरा अन्याय त्या निवडीतच दडलेला होता.